माग्दालेनेला आधी माळी दिसू द्या

प्रश्न थोडक्यात : खानापूर तालुक्यातल्या एका गावातली चोवीस वर्षांची तरुणी. घरात कोंकणी, शाळा मराठी माध्यमाची, बी.कॉम. होऊन बेळगावात एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम. सहाव्या वर्षापासून चर्चच्या नाटकांत आहे : आधी नाताळच्या गोठ्यातला देवदूत, मग मारिया, आणि गेली तीन वर्षं पॅशन प्ले (येशूच्या यातना आणि मरणाचं नाटक) व ईस्टरच्या प्रवेशात येशूची शिष्या माग्दालेना. लोक रडतात, फादर कौतुक करतात. यंदा बेळगावातल्या एका हौशी संस्थेनं एकांकिकेत घेतलं, पण पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शक म्हणाले, "हे चर्चमधलं बोलणं आधी सोड." तेव्हापासून तालमीत तिचं तोंडच उघडत नाही. त्यातच, कोल्हापूरच्या सिनेमावाल्यांशी आपली ओळख आहे असं सांगणाऱ्या एकानं फोटो आणि कलाकार-सभासदत्वाचं 'कार्ड' यांसाठी पंचवीस हजार मागितले आहेत आणि आठ दिवसांत कळवा म्हणतो आहे. आईला धास्ती आहे की नाटकात गेली तर लग्नाचं अवघड होईल आणि चर्चमध्येही पुन्हा काम मिळणार नाही. तिचे प्रश्न : चर्चमध्ये शिकलेलं सगळं विसरून नव्यानं सुरुवात करू का? मराठी, कोंकणी, कन्नड यांतली कोणती रंगभूमी धरू? आणि सिनेमासाठी नोकरी आत्ताच सोडू का, नाहीतर वय निघून जाईल?

---

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण मुदत आहे ती चौथ्याच गोष्टीला. म्हणून आधी त्या पंचवीस हजारांचं. ते देऊ नका. 'आत्ता पाच द्या, बाकीचे काम मिळाल्यावर' असं म्हणाला तरी देऊ नका.

सिनेमात काम करणाऱ्याला पैसे मिळतात. काम मिळावं म्हणून कलाकारानं पैसे भरायचे, असा व्यवहार खऱ्या निर्मितीत नसतो आणि ऑडिशनला फी नसते. कार्डाचं म्हणाल तर अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे, बेळगावहून दोन-अडीच तासांवर. सभासद व्हायचंच असेल तर आईला बरोबर घेऊन जा, कोणत्या वर्गाचं सभासदत्व मिळतं, कागद कोणते लागतात, शुल्क किती, हे तिथं समोर बसून विचारा आणि भराल त्याची पावती घ्या. मधल्या माणसाची गरज नाही. शिवाय सभासदत्व मिळणं वेगळं आणि भूमिका मिळणं वेगळं. हे दोन्ही एकच आहे असं भासवूनच पैसे काढले जातात.

त्या गृहस्थांना एवढाच मेसेज करा : चित्रपटाचं नाव, निर्मिती संस्था, दिग्दर्शक, ऑडिशनची जागा आणि तारीख संस्थेच्या ईमेलवरून कळवा. खरं काम असेल तर यात कुणाला राग यायचं कारण नाही. ऑडिशन लॉजच्या खोलीत ठेवलेली असेल किंवा 'एकटीच या' असा आग्रह असेल, तर विषय तिथंच संपवा. तुमच्यासारख्या आणखी कुणी ऑनलाइन पैसे आधीच पाठवले असतील तर त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

आणि फोटो? सहा पुरतात. सकाळच्या कोवळ्या उजेडात किंवा दुपारी चारनंतर, अंगणात सावलीला, साध्या भिंतीपुढं उभ्या राहा. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यानं मैत्रिणीला काढायला सांगा : चेहरा समोरून, डावी बाजू, उजवी बाजू, कमरेपर्यंतचा, पायांपर्यंतचा आणि एक मोकळं हसताना. फिल्टर नको, भरजरी साडी नको, मेकअप अगदी नावापुरता. तुम्ही खोलीत शिरलात तर कशा दिसाल, एवढंच निवड करणाऱ्याला पाहायचं असतं.

आता दिग्दर्शकांच्या त्या वाक्याकडे येऊ. त्यांना जे खटकलं ते बहुधा बरोबर आहे, पण त्यांनी ते सांगितलं अशा तऱ्हेनं की तुम्हाला वाटलं, अठरा वर्षांचं सगळंच फेकून द्यायला सांगतायत. 'चर्चमधलं बोलणं' ही तुमची खोड नाही. ती त्या इमारतीनं लावलेली सवय आहे. उंच छत, दगडी किंवा गिलाव्याच्या भिंती, फरशी. अशा जागी एक टाळी वाजवून पाहा, आवाज दोन-तीन सेकंद घुमत राहतो. एक शब्द विरायच्या आत दुसरा आला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून अल्तारावर, म्हणजे चर्चच्या वेदीपाशी, वाचन करणाऱ्याला सावकाश बोलायला, दर दोन-तीन शब्दांनी थांबायला आणि शेवटचं अक्षर लांबवायला शिकवतात. तिथं ते योग्यच आहे. पण नाट्यगृहात पडदे असतात, गाद्यांच्या खुर्च्या असतात, माणसं असतात, आणि हे सगळं आवाज शोषून घेतं. घुमणं गेलं की तेच सावकाश, तेच थांबणं, तेच लांबवणं उघडं पडतं आणि प्रवचनासारखं ऐकू येतं. दिग्दर्शकांना खटकतं ते हे.

दुसरी गोष्ट याहून नुकसान करणारी आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही नंतर. वाचनाच्या चालीत वाक्य संपताना आवाज खाली उतरतो. "मी आज तुझ्याबरोबर येणार नाही" हे वाक्य त्या चालीत म्हणा. 'मी आज तुझ्याबरोबर' स्वच्छ ऐकू येतं, 'येणार' अर्धं आणि 'नाही' गिळलं जातं. सातव्या रांगेतल्या माणसाला वाटतं, ही जाणार आहे. पुढचा सगळा प्रवेश त्याच्यासाठी उलटा होतो. तेव्हा आपल्या संहितेतल्या प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद पेन्सिलीनं अधोरेखित करा आणि तिथं पोहोचेपर्यंत श्वास पुरवा. ओरडायची गरज नाही. वाक्य जिथं जायचंय तिथं ते पोहोचवायचं, एवढंच. शब्दफेक म्हणतात ती हीच.

यासाठी रोज वीस मिनिटं द्या. एकच उतारा घ्या, दहा-बारा ओळींचा. फोनवर तीनदा रेकॉर्ड करा. पहिल्यांदा अल्तारावर वाचता तसा. दुसऱ्यांदा तुम्ही ओट्याजवळ आहात आणि आई मागच्या दारी भांडी घासतेय, तिला सांगता तसा. तिसऱ्यांदा हाताच्या अंतरावर बसलेल्या एकाच माणसाला. मग तिन्ही ऐका. पहिल्यात तुमचे थांबे अर्थाच्या जागी पडतात की श्वासाच्या, ते पाहा. बहुतेकांचे श्वासाच्या जागी पडतात. दुसरं रेकॉर्डिंग तुमच्या एकांकिकेच्या सर्वांत जवळ असेल, कारण त्यात लांब पोहोचायचं आहे आणि तरी कुणाला तरी सांगायचं आहे. तिसरं कॅमेऱ्यासाठी जपून ठेवा. आठवड्यात फरक कळेल, चार आठवड्यांत दुसऱ्यांनाही कळेल. आणि दिग्दर्शकांना सरळ विचारा, "सर, कोणत्या वाक्याला तसं वाटतं ते दाखवाल का?" ते चिडले नसतील. घाईत असतील.

तुमच्या पॅशन प्लेत संवाद आधी रेकॉर्ड करून स्पीकरवर लावत असतील, आणि तुम्ही त्यावर हालचाली करत असाल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात, कारण मैदानात माइक पुरत नाहीत. मग तुमची देहबोली घडली आहे आणि जिवंत बोलायची सवय मात्र कमी आहे. रेकॉर्डिंग तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून समोरच्याचं ऐकून त्यावर बोलायची गरजच पडत नाही. एकांकिकेत समोरचा नट आज अर्धा सेकंद उशिरा बोलेल, उद्या लवकर. तालमीत आपलं वाक्य आठवत बसण्याऐवजी समोरच्याच्या वाक्यातला कोणता शब्द आपल्याला बोलायला लावतो, तो शोधा. त्याखाली रेघ मारा. पाठांतर पक्कं असेल तर हे जमतं, आणि पाठांतर तर तुमचं पक्कं असणारच.

माग्दालेनेकडे जरा थांबून बघू, कारण चर्चमधल्या आणि रंगभूमीवरच्या अभिनयातला फरक तिच्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठं दिसेल. ईस्टरच्या पहाटे ती रिकाम्या कबरीपाशी रडत उभी आहे. मागं कोणीतरी उभं आहे. तिला वाटतं, हा बागेचा माळी. ती त्याला म्हणते, तू त्यांना इथून नेलं असशील तर कुठं ठेवलंस ते सांग, मी घेऊन जाईन. मग तो तिला नावानं हाक मारतो आणि ती ओळखते.

चर्चमध्ये हा प्रवेश कसा होतो? पांढऱ्या झग्यातला येशू विंगेतून येतो तेव्हाच लोक हात जोडतात. माग्दालेनेलाही माहीत असतं कोण आलंय. ती पहिल्यापासून भक्तीनं बोलते, लोकांकडे तोंड करून बोलते, डोळ्यांत पाणी असतं. लोक रडतात, आणि ते रडणं खरंच असतं. तिथं हा प्रवेश प्रार्थनेचा भाग आहे आणि शेवट सगळ्यांना ठाऊक असणं हाच त्याचा आधार आहे.

रंगभूमीवर त्या बाईला माहीत नाही. तिला खरोखर माळी दिसला पाहिजे. दोन रात्री झोप नाही, प्रेत हरवलंय, आणि हा कोण परका माणूस सकाळी सकाळी विचारतोय 'का रडतेस'. तिच्या वाक्यात भक्ती कुठून येणार? असेल तर त्रागा असेल, विनवणी असेल, थोडा संशय असेल. 'मी घेऊन जाईन' म्हणते, पण एका पुरुषाचं प्रेत ती एकटी कशी उचलणार, हा विचारही तिच्या डोक्यात नाही. हे सगळं खरं झालं तरच नाव ऐकल्यावरचा क्षण घडतो. आधीच ओळखलं तर ओळखायला काही उरत नाही. तुमच्या एकांकिकेतल्या भूमिकेलाही हाच प्रश्न विचारा : या क्षणी हिला काय माहीत नाही? प्रत्येक प्रवेशासाठी वहीत लिहा. अश्रू, आवाज, हातवारे यांचं बरंचसं त्यानं आपोआप ठरतं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'विसरू नका' असंच आहे. कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायनवृंदात, कमावलेला श्वास, पाचशे माणसांसमोर न डगमगता उभं राहणं, तीन-चार मिनिटं न हलता थांबू शकणं, या गोष्टी शिकवायला नाट्यशिबिरांत महिने जातात. बदलायचं ते आवाजाचं माप, लोकांकडे सतत तोंड ठेवणं आणि शेवट आधीच ठाऊक असल्यासारखं वागणं. बस्स.

भाषेच्या प्रश्नामागं तुम्ही एक धरून चालला आहात, की एक निवडली की बाकीच्या सोडाव्या लागतात. आपल्या जिल्ह्यात रंगभूमी कधी एका भाषेची नव्हती. मराठी संगीत नाटकाची परंपरा उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. कन्नड वृत्तिरंगभूमीवर, म्हणजे व्यावसायिक नाटक कंपन्यांत, आयुष्य घालवलेले एणगी बाळप्पा सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे. आणि तुमच्या घरची कोंकणी घाट उतरून गोव्यात गेली की तिथं तियात्र, म्हणजे गाण्यांसह होणारं कोंकणी नाटक, आहे. १८९२ साली मुंबईत पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून ते लोकांच्या तिकिटांवर चालत आलंय. तुम्हाला या तिन्ही दारांतून आत जाता येतं, हे तुमचं बळ आहे. पण प्रत्येक घरची रीत वेगळी आहे, ती माहीत असू द्या.

बेळगावातल्या मराठी हौशी संस्थांत एकांकिकेला साधारण महिना-दीड महिना तालीम असते, संध्याकाळी सातनंतर. पैसे मिळत नाहीत, फार तर प्रवासखर्च. महाराष्ट्राच्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात येते, म्हणजे नेमकी नाताळच्या तयारीत. सप्टेंबरातच फादरना आणि दिग्दर्शकांना दोघांनाही तारखा सांगून टाका, नाहीतर डिसेंबरात दोन्हीकडे तोंड लपवावं लागेल. व्यावसायिक मराठी नाटक मुंबई-पुण्याहून चालतं आणि तिथं दर प्रयोगाला 'नाईट', म्हणजे ठरलेलं मानधन, मिळते. ते आज तुमच्यापुढं नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

उच्चारांचं काम मात्र आत्ताचं आहे. कोंकणीत 'ए' आणि 'ओ' यांचे उघडे आणि मिटके असे दोन-दोन उच्चार आहेत, मराठीत तसा भेद नाही. त्यामुळे 'मोठा', 'देव', 'लोक' या शब्दांत तुमचा स्वर जास्त उघडा पडत असेल. एक यादी करा आणि रोज मोठ्यानं वाचा. 'काय करायलास', 'येतो की' ही आपली बेळगावी बोली पुसून टाकू नका. ग्रामीण भूमिकेला तिचं मोल आहे, आणि बाहेरच्या नट्यांना ती महिनाभर घोटूनही साधत नाही. प्रमाण मराठी शेजारी दुसरा डबा म्हणून ठेवा. कोणता डबा कधी उघडायचा ते तुमच्या हातात असावं. कन्नड नाटकात घोटाळा उलट होतो. मराठीत 'घर' म्हणताना शेवटचा 'र' अर्धा राहतो, कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा स्वर पूर्ण म्हणावा लागतो. मराठी बोलणारे तो गिळतात, आणि कन्नड प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

कन्नडमध्ये आणखी एक वाट आहे, जिच्याबद्दल उघडपणे कुणी बोलत नाही. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक या बाजूला जत्रेच्या नाटकांत गावची पोरं पुरुषांची कामं करतात आणि स्त्री भूमिकांसाठी नट्या बाहेरून बोलावतात. रात्रीचे ठरलेले पैसे मिळतात. अभिनयाची कमाई इथं खरी आहे आणि प्रेक्षकही खरे आहेत, आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. पण नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, तालमी एक किंवा दोनच मिळतात, आणि परत यायची सोय हाच मुख्य प्रश्न असतो. गेलात तर दोघी मिळून जा, अर्धे पैसे आगाऊ घ्या, गाडीचा नंबर घरी कळवा आणि कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे ना, हे आधी विचारून घ्या. या कामाला कमी लेखू नका. फक्त पहिल्याच वर्षी त्यात उतरू नका.

तियात्राचं गणित तुमच्यासाठी सोपं पडेल असं मला वाटतं. त्यात प्रवेशांच्या मधे कांतारं, म्हणजे गाणी, असतात, ट्रम्पेट-ड्रम्सचा जिवंत बँड असतो, आणि गाता येणारी नटी त्यांना हवीच असते. कॉयरचा गळा तिथं थेट कामाला येतो. मात्र गोव्याची कोंकणी आणि तुमच्या घरची कोंकणी यांत फरक आहे. आधी चार-पाच तियात्रं बसून पाहा, मग विचारा.

आईचं. त्यांची भीती खोटी नाही आणि तिला 'जुन्या विचारांची' म्हणून बाजूला सारू नका. पण त्यांना हेही सांगा की कॅथलिक घरातल्या बाईनं रंगमंचावर येणं ही आजची गोष्ट नाही. रेजिना फर्नांडिस १९०४ साली तियात्रात उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या नवऱ्यानंच, नाटककार जुआंव आगुस्तिन्य फर्नांडिस यांनीच, त्यांना उभं केलं. मराठीत त्या काळी बायकांच्या भूमिका बहुधा पुरुषच करत. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले तेही त्यानंतर, १९०५ साली.

इतिहासानं आईचं मन फार तर ऐकायला तयार होईल. ते शांत होईल ते वेळापत्रकानं. एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा : तालीम कुठं, किती ते किती, दिग्दर्शकांचा आणि एका सहकारी मुलीचा फोन नंबर, शेवटची बस कोणती, ती चुकली तर बेळगावात कुणाकडे राहणार. कर्नाटकात राहणाऱ्या स्त्रियांना जून २०२३ पासून सरकारी साध्या बसचा प्रवास राज्याच्या हद्दीत मोफत आहे, तेव्हा खानापूर-बेळगाव, अगदी धारवाडलाही, तालमीचा प्रवासखर्च घरावर पडत नाही. एखाद्या रविवारी त्यांना तालमीला घेऊन या. पहिल्या रांगेत नको, कोपऱ्यात बसू द्या. मुली काय करतात, कुणाशी कसं बोलतात, चहा कोण आणतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं की निम्मे प्रश्न त्या विचारायच्या थांबतील.

लग्नाबद्दल एवढंच लिहिते : तुमचं नाटक लपवून जमवलेलं लग्न, पुढं ते कळल्यावर जास्त अवघड होतं.

मर्यादा मात्र आत्ताच ठरवा, शांत डोक्यानं, भूमिका समोर नसताना. कोणता पोशाख चालेल, जवळिकीचा प्रवेश किती चालेल, सिगारेट-दारू दाखवणं चालेल का, शिव्या चालतील का. 'चालेल', 'विचारून' आणि 'नाही' असे तीन रकाने करा. भूमिका ऐकताना हा कागद मनात हवा. सेटवर, तीस माणसं वाट बघत असताना, 'नाही' म्हणणं कुणालाही जड जातं. चर्चमध्ये मारियाचं काम मिळेल की नाही, हे फादरशी स्वतः बोला. तुम्ही काय करता हे त्यांना आधी तुमच्याकडून कळावं, बाजारातून नको.

नोकरी सोडायची नाही, निदान पुढचे अठरा महिने. तुमचा हिशेब तुम्हीच माझ्यापेक्षा चांगला कराल : हौशी नाटकातून मिळकत शून्य, चित्रीकरणाचे पैसे उशिरा येणार, शिफ्ट बारा तासांची, आणि छोट्या भूमिकेसाठी वर्षातून मिळतील ते दिवस बोटांवर मोजण्याइतके. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आणि हातात लेखी काम असल्याशिवाय राजीनामा नको. वर्षभराच्या रजेचं नियोजन करा. एकांकिकेच्या आठवड्यासाठी चार, चित्रीकरणासाठी सहा दिवस राखून ठेवा. चोवीस हे उशिराचं वय नाही. बहीण, परिचारिका, शेजारीण, शिक्षिका अशा भूमिका तिशीतल्याच काय, पन्नाशीतल्या बायकांसाठीही लिहिल्या जातात.

आणि नाटक ही सिनेमाची पायरी आहे, असं तुमच्या पत्रात दोनदा आलंय. ती दोन वेगळी कामं आहेत. कॅमेऱ्यासमोर आवाज तुमच्या तिसऱ्या रेकॉर्डिंगइतकाच लागतो. नवख्या नाटकवाल्यांची पहिली चूक तीच, माइक कॉलरवर असताना शेवटच्या रांगेसाठी बोलणं. दुसरी चूक हाताची. समजा तुम्ही टेबलाशी बसून पाण्याचा पेला उचलून बोलताय. हाच प्रवेश आधी लांबून घेतील, मग तुमच्या चेहऱ्याजवळून, मग समोरच्याच्या खांद्यावरून. लांबच्या शॉटमध्ये पेला उजव्या हातानं, 'काल' या शब्दावर उचलला असेल, तर जवळच्या शॉटमध्येही उजवाच हात आणि 'काल'च. एकदा डाव्या हातानं उचललात की संकलकाला ते दोन तुकडे जोडता येत नाहीत, आणि तुमचा चांगला झालेला शॉट बाद होतो. घरी सराव करा : चहा पिता पिता आठ ओळी म्हणायच्या, पाच वेळा, कप दर वेळी त्याच शब्दाला उचलायचा आणि त्याच शब्दाला ठेवायचा.

हल्ली पहिली ऑडिशन व्हिडिओवरच मागतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या ढिगाला टेकवून. खिडकी तुमच्या समोर, पाठीमागं नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. मागं कोरी भिंत, पंखा बंद, छातीपासून वर चौकट. समोरच्याचे संवाद वाचायला कुणाला तरी लेन्सच्या अगदी शेजारी उभं करा, आणि त्यांना हळू वाचायला सांगा, नाहीतर त्यांचाच आवाज मोठा येतो. आधी नाव, गाव, उंची, येणाऱ्या भाषा, मग मागितलेला प्रवेश. पार्श्वसंगीत नको. फाइलला स्वतःचं नाव आणि भूमिकेचं नाव द्या. 'व्हिडिओ फायनल टू' अशा नावाची फाइल शोधत कुणी बसत नाही.

काम ठरलं तर तारखा, दिवस, मोबदला, प्रवास, राहण्याची सोय आणि श्रेयनामावलीत नाव हे कागदावर घ्या, निदान ईमेलवर. टीडीएस (मोबदल्यातूनच कापला जाणारा आयकर) कापला तर त्याचा दाखला मागा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. पहिल्याच दिवशी 'समितीवर कोण आहे' असं विचारलं म्हणून कुणी भूमिका काढून घेत नाही. काढून घेतलीच, तर ती जागा तुमच्यासाठी नव्हती.

पुढच्या वर्षभरात तीन नाटकं पूर्ण करा, त्यांतलं एक मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत. एका नाटकात भूमिका न घेता प्रॉम्प्टिंग (विंगेतून विसरलेलं वाक्य सुचवणं) किंवा प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू) सांभाळा. विंगेतून सगळ्यांची कामं दिसतात. प्रत्येक प्रयोगाची नोंद वहीत ठेवा : नाटक, तारीख, जागा, भूमिका, दिग्दर्शक, सोबत पत्रिका किंवा फोटो. चर्चची नाटकंही लिहा, फादरचं पत्र घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या ठिकाणी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीबरोबर नाटकांचा अनुभवही मागतात. कन्नड वाचता येत असेल तर शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचं नीनासम बघा, तिथं निवासी नाट्यशिक्षण आहे. मराठीतून शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. पण हा निर्णय तीन नाटकांनंतर. आधी रोज तालमीला जावंसं वाटतं का, ते तरी कळू दे.

एकांकिकेचा प्रयोग झाला की राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, काही फार लांब नसेल. तिथून ईस्टरपर्यंत साडेसहा आठवडे मिळतात. या वेळी फादरना विचारा, कबरीपाशी घडणारा तो एक प्रवेश तरी रेकॉर्डिंगशिवाय करता येईल का, एक माइक आणि दोन माणसं. 'हो' म्हणाले तर येशूचं काम करणाऱ्या मुलाला तालमीत पांढरा झगा घालू देऊ नका. त्याला रोजच्या कपड्यांत, हातात फावडं घेऊन, तुमच्या पाठीमागून येऊ द्या.